भरतीच्या वेळी पोळ्या

रेणूच्या पोळ्या मऊ होतात, हाच तिचा गुन्हा. जिच्या पोळ्या वातड होतात ती बाई सुखी. तिला कोणी तव्यापुढे बसवत नाही. ती आपली घडीची खुर्ची वाळूत टाकून बसते, पायाला लाट लागू देते, आणि वर हाक मारून म्हणते, "अगं रेणू, काय वारा सुटलाय, ये की!" ये की म्हणे. आणि तव्यावरची पोळी कोण उलटणार, वारा?

रेणू मूळची वर्ध्याकडची. तिकडे समुद्र असतो तो शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात, निळ्या रंगाचा, तोही उन्हानं उडालेला. लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग विमानात बसली. मुंबईला उतरली तेव्हा रात्र होती, निघाली तेव्हाही रात्रच होती. मुंबईचा समुद्रसुद्धा तिनं पाहिला नाही. न्यू जर्सीत एडिसनला दोन खोल्यांत संसार मांडला. नवरा श्रीराम पुलांची ड्रॉइंगं करणारा इंजिनियर, स्वभावानं गरीब, कधी आवाज चढवणार नाही. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण एक सांगते, वाईट माणसाशी बाई भांडते तरी. वाईट नसलेल्या माणसाचं काम तिच्याकडून मुकाट्यानं होत जातं, वर्षानुवर्षं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ती दोघंच डेलावेअरच्या किनाऱ्यावरच्या स्टेट पार्कात गेली होती. कोणाच्या तरी गॅरेजसमोर विकायला मांडलेला जुना तंबू घेतला होता. त्याचा एक खांब वाकडा. बरोबर ब्रेड, उकडलेली अंडी आणि संत्री. पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकला आणि वाळूच्या टेकाडापलीकडे गेली तर समोर समुद्र! रेणू साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरली. श्रीराम काठावरून ओरडतोय, "अगं, पुढे जाऊ नकोस!" आणि ही पुढे चाललीये. रात्री पाऊस आला, तंबू गळला, दोघं गाडीत बसून संत्री सोलत राहिली. त्या सहलीबद्दल बोलताना रेणूचा चेहरा आजही उजळतो.

मग ओळखी वाढल्या. एडिसनची, वेस्ट विंडसरची मराठी बिऱ्हाडं जोडली गेली. एकानं विचारलं, आम्ही येऊ का? दुसऱ्यानं विचारलं, आम्ही? "या की, मजा येईल," श्रीराम म्हणाला. मजा आली, आणि मजेबरोबर दोन शेगड्यांचा गॅस आला, परात आली, पोळपाट-लाटणं आलं, कुकर आला. गॅस आला आणि रेणूचा समुद्र गेला.

म्हणजे गेला कसा, ऐका. समुद्रावरून वारा येतो आणि शेगडी विझते. म्हणून शेगडी गाड्यांच्या आडोशाला मांडायची, समुद्राच्या बाजूनं निळी ताडपत्री बांधायची. समुद्र एका अंगाला, ताडपत्री मध्ये, आणि रेणू पलीकडे. निळ्या रंगाचं तिला काय दिसत होतं, तर ती ताडपत्री. कणीक मळताना वाळू उडायची ती परातीत. मग दाताखाली कचकच लागली की पुरुष मंडळी विचारणार, "वहिनी, आज काय, वाळूची चटणी घातलीत का?" आणि हसणार. रेणूही हसायची. वीसेक वर्षं हसली.

या सगळ्यांचा पुढारी परीक्षित. कंप्यूटरमधला मोठा साहेब, पुण्याचा. पार्कातल्या तंबूच्या जागा कितीतरी महिने आधी मिळवाव्या लागतात, सकाळी बुकिंग उघडलं की मिनिटात संपतात. तर परीक्षित त्या सकाळी कंप्यूटरपुढे बसायचा आणि टिचकी मारायचा. ती टिचकी मारली की त्याचं वर्षाचं काम संपलं. मग कॅम्पच्या पहिल्या संध्याकाळी तो सगळ्यांना ती टिचकीची कथा सांगणार, कशी एका सेकंदात जागा पटकावली ती. बायका भाजी चिरता चिरता ऐकणार. पोळ्यांची कथा कधी कोणी सांगितली नाही. त्यात काय सांगायचं? पोळ्या तर होतातच.

आणि खेकडे. आता खरी गोष्ट इथं आहे. मे-जूनच्या पौर्णिमेला, तिन्हीसांजेच्या भरतीबरोबर त्या खाडीच्या काठाला समुद्रातून खेकडे येतात. घोड्याच्या नालेसारखी पाठ, मागे लांब टोकदार शेपटी. हजारोंनी येतात, वाळूत अंडी घालतात आणि परत जातात. म्हणे माणूस जन्मायच्या फार फार आधीपासून येताहेत. परीक्षित मुद्दाम पौर्णिमा बघूनच जागा धरायचा. आणि भरती नेमकी जेवणाच्या आधी. मग ठरलेलंच. "चला, भरती आली! वहिनी, आम्ही येईपर्यंत पोळ्या होतील ना? पोरं भुकेली येतात." सगळी निघाली की टॉर्च हलवत, पोरंबाळं ओरडत. रेणू तव्यापाशी.

तिनं एकदा विचारलंही होतं, "आधीच करून डब्यात भरून ठेवल्या तर?" तर परीक्षित म्हणाला, "वहिनी, तुमची गरम पोळी म्हणजे आपल्या कॅम्पची शान. डब्यातली खायला घर आहेच की."

दुसरं कारण रॅकूनचं. मांजरापेक्षा मोठं, डोळ्यांवर काळी पट्टी असलेलं चोर जनावर. हातानं झाकणं उघडतं. पार्कात पाटीच लावलीये, खाणं उघड्यावर ठेवू नका, गाडीत बंद करा. "मग गाडीत ठेवू आणि सगळेच जाऊ," रेणू एका वर्षी म्हणाली. तेव्हा कोणाची तरी नवी गाडी होती. गाडीला मसाल्याचा वास बसेल म्हणाले. बाईच्या केसांना बसला तर चालतो. गाडीला नको.

श्रीराम परत यायचा तो फोन पुढे करत. "बघ, तुझ्यासाठी फोटो आणले." फोटोत काय, तर काळोखात तपकिरी गोळे आणि परीक्षितच्या पोराचा दात पडलेला चेहरा. रेणू हात पुसून बघायची. छान आहेत म्हणायची. काय करणार?

असं वर्षामागून वर्ष गेलं. मुलगा ऋषी शिकला, मिशिगनला ट्रॉय गावी गाड्यांच्या कंपनीत लागला. रेणू दाताच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसायची, लोकांच्या वेळा लावून द्यायची, ती नोकरी तिनं वसंतात सोडली. ऋषी म्हणाला, आई, आता दोघं इकडेच या, खाली वेगळी खोली काढलीये. श्रीरामनं होकार दिला. घर विकायला काढलं. ट्रॉयला तळी आहेत, बर्फ आहे, सगळं आहे. भरती नाही.

म्हणजे हा शेवटचा कॅम्प.

गाडीत सामान भरतानाच रेणू म्हणाली, "अहो, यंदा मी खेकडे बघणार."

"हो हो, नक्की," श्रीराम म्हणाला.

वाटेत नदीच्या पुलावरून जाताना ती पुन्हा म्हणाली, "ऐकलंत ना? यंदा मी जाणार."

"अगं, जा की. तुला कोणी अडवलंय?"

कोणी अडवलंय म्हणे! रेणूनं खिडकीची काच खाली केली. खरंच, अडवलं तर कोणीच नव्हतं. कोणी दोरीनं बांधलं नव्हतं. नुसतं सगळे उठून जायचे आणि ती उरायची.

यंदा कॅम्पात एक नवी मुलगी होती, आश्लेषा. पुण्याची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, नवऱ्याबरोबर ऑफिसात काम करणारी. तिनं येताना इंडियन दुकानातून तयार गोठवलेले पराठे आणले होते, बर्फाच्या पेटीत भरून. पहिल्याच दिवशी परीक्षितनं पेटी उघडली.

"हे काय, फ्रोझन? यार, मग कॅम्पिंगला यायचंच कशाला, मायक्रोवेव्हसमोर बसा की!"

सगळे हसले. आश्लेषा बिचारी लाल झाली. "काका, मला वाटलं मावशींना तेवढाच आराम..."

"रेणूवहिनींना आराम? त्यांना करायला आवडतं. हो ना वहिनी?"

रेणूच्या हातात पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं. पण "आवडतं" हा शब्द तिच्या डोक्यात दिवसभर माशीसारखा घोंघावत राहिला. आवडतं! कोणी विचारलं होतं कधी? तिला काय आवडतं ते त्या पहिल्या पावसाळी सहलीनंतर कोणी विचारल्याचं तिला आठवेना. आणि ज्याला पोळी एवढी आवडते त्यानं स्वतः एकदा लाटून बघितली का? रांधा, वाढा, उष्टी काढा, हे सगळं घरी होतंच की. त्यासाठी शे-दीडशे मैल गाडी हाकून डासांत येऊन बसायचं, आणि त्याला सुट्टी म्हणायचं! सुट्टी कोणाची? शेगडीचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. उन्हं कलली. रेणूनं सवयीनं कणीक मळली, हात आपोआपच मळतात. ओलं फडकं टाकलं, शेगडीवर तवा तापत ठेवला. आश्लेषा शेजारी बसून कोथिंबीर निवडत होती. झाडांपलीकडून पोरांचा गलका आला, मोठी माणसं चपला शोधू लागली. परीक्षित टाळ्या वाजवत आला.

"चला, चला, पाणी चढायला लागलं! वहिनी, आज जरा जास्त करा हं, शेवटचा कॅम्प तुमचा. तुमच्या हातची पोळी आता परत कधी मिळणार?"

रेणूनं नवऱ्याकडे बघितलं. श्रीराम टोपी घालत होता.

"अहो," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना?"

त्याला आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं की आठवलं. पण चार माणसं उभी होती, तो ओशाळला आणि हसून म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं बघायचंय? खेकडेच तर आहेत. मी फोटो आणतो तुला."

रेणूनं शेगडीचा कान पिळला. ज्योत फप्प करून विझली.

"काऊन?" ती म्हणाली. रेणू रागावली की वर्ध्याची होते, तिच्या 'का'चं 'काऊन' होतं, एरवी तिच्या बोलण्यात ते कुठे सापडत नाही. "काऊन जी, माझे डोळे काय गहाण पडले? तुमच्या फोनातून बघायचं मी?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. आज तुम्ही थांबा. मी फोटो आणते तुम्हाला."

परीक्षित मध्ये पडला. "वहिनी, असं काय करता? लोक भुकेले येतील."

"येऊ देत. एका संध्याकाळच्या भुकेनं कोणी मरत नाही. मी वीस वर्षं भुकेली बसले इथं, मेले का?"

आता परीक्षितला यातलं किती कळलं देव जाणे. तो म्हणाला, "पण पोळ्या?" बघा म्हणजे. एवढं ऐकून माणसाच्या तोंडून काय निघालं, तर पोळ्या!

तेवढ्यात आश्लेषा उठली. "रेणूमावशी, तुम्ही जा. मी थांबते, मला येतात थोड्या पोळ्या."

रेणूनं तिचं मनगट धरलं. "नाही बाई. तू आज थांबलीस तर पुढची वीस वर्षं तूच थांबशील. चल."

"पण मावशी, राखण..."

"राखणीला आहेत की हे. पूल सांभाळले आयुष्यभर, परात सांभाळतील." लाटणं तिनं श्रीरामच्या हातात दिलं. तो ते हातात धरून उभा राहिला, देवळात घंटा वाजवायला गेलेल्या माणसाला घंटाच सापडू नये तसा. रेणूनं पदराला हात पुसले आणि आश्लेषाला घेऊन वाट धरली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबली असती, तिला स्वतःचा भरवसा नव्हता.

पाइनची झाडं संपली, वाळूवर टाकलेल्या फळ्यांची वाट लागली. गुडघे कुरकुरत होते. चढ चढून टेकाडाच्या माथ्यावर आली आणि थबकली.

आधी काही दिसलं नाही. ऐकू आलं. खट्, खट्, खटखट, खट्. हजारो लाकडी वाट्या कोणीतरी एकमेकींवर हळूहळू आपटाव्यात तसा आवाज, साऱ्या काठावरून, थेट लांबवर. आश्लेषा म्हणाली, "मावशी, हा कसला आवाज?" मग नजर ठरली. पाण्याच्या कडेला वाळू नव्हतीच. पाठीच पाठी होत्या. तपकिरी, ओल्या, चंद्राच्या उजेडात चमकणाऱ्या. लाट आली की सगळ्या हलायच्या, एकमेकींवर आपटायच्या, आणि तो आवाज व्हायचा. लाट ओसरली की पुन्हा पुढे सरकायच्या. घाई नाही. कोणी पुढारी नाही.

रेणू खाली उतरली. चपला काढून हातात घेतल्या. पार्कात काम करणारी एक पांढऱ्या केसांची गोरी बाई कंदील घेऊन फिरत होती. ती इंग्रजीत सांगत होती आणि आश्लेषा मराठीत, की मोठी ती मादी, आणि तिच्या पाठीला चिकटलेले लहान ते नर.

रेणूनं वाकून बघितलं. एक मोठी मादी वाळू उकरत पुढे चालली होती. तिच्या मागे एक नर पकडून बसलेला, त्याच्या बाजूला आणखी दोन लटकलेले.

"अगं बाई," रेणू म्हणाली, "म्हणजे इथंही तेच!"

आश्लेषा इतकी हसली की तिला वाळूतच बसावं लागलं. त्या गोऱ्या बाईनं विचारलं काय झालं. आश्लेषानं सांगितलं तर तीही हसली, पोट धरून. तिलाही मराठीतलं कळलं म्हणायचं.

काही खेकडे लाटेनं उलटे पडले होते. पाय वर, हवेत नुसते हलवताहेत. अशांना सुलटं करायचं, नाहीतर सकाळच्या उन्हात मरतात, नाहीतर पक्षी टोचतात. त्या बाईनं दाखवलं, शेपटीला धरायचं नाही, पाठीच्या कडेला धरायचं आणि हलकेच पालथं घालायचं. रेणूनं धरलं. हातात थंडगार, जड, आणि पोटाकडचे पाय तिच्या बोटांना लागले. तिनं सुलटं केलं. तो क्षणभर थांबला, जणू विचार करत होता, मग पाण्याकडे निघून गेला. रेणू दुसऱ्याकडे वळली. मग तिसऱ्याकडे. साडीची किनार भिजली, गुडघ्यांपर्यंत पाणी आलं, तिनं पर्वा केली नाही.

परीक्षित आणि बाकीची मंडळी थोड्या अंतरावर पोरांचे फोटो काढत होती. त्यातल्या एक-दोन बायका रेणूला बघून जवळ आल्या. "अय्या, रेणू, तू? मग स्वयंपाक?" तिनं मान वर केली नाही. "तो तिथंच आहे. तुम्हाला करायचा असेल तर जा." कोणी गेलं नाही.

बऱ्याच वेळानं टेकाडावरून श्रीराम उतरताना दिसला. धावत नव्हता, पण धावल्यासारखा. त्याच्या शर्टावर पीठ होतं.

"अगं," तो धापा टाकत म्हणाला, "मी ताडपत्री बांधत होतो, पाठ फिरली तेवढ्यात रॅकून आला. कणकेचा अख्खा गोळा घेऊन गेला!"

"नेऊ दे. लाटणंही नेलं असतं तर बरं झालं असतं."

"अगं, पण लोक काय खातील?"

"ब्रेड खातील. पार्काच्या दुकानात मिळतो. नाहीतर आश्लेषाचे पराठे आहेत पेटीत, ज्यांना हसलात ते." तिनं आणखी एक उलटा पडलेला खेकडा उचलला. "फोटो काढायला विसरले मी. तुम्ही हात लावा जरा, तो तिकडचा बघा. शेपटीला नाही! कडेला धरा."

श्रीराम वाकला. कंबर धरत का होईना, वाकला. एक सुलटा केला, हात झटकले आणि सहज बोलून गेला, "दरवर्षी असंच असतं."

रेणू उभी राहिली. लाट आली, गेली. खट्, खट्, खटखट.

"दरवर्षी?" ती म्हणाली. "हा आवाज दरवर्षी असतो?"

"हो. भरतीला असतोच."

"मग मला कधी सांगितला नाहीत तो?"

श्रीराम शर्टावरचं पीठ झटकू लागला. फोटो त्यानं ढीगभर आणले होते. पण तंबूपाशी येऊन, जेवता जेवता, अगं असा असा आवाज येत होता, तू असायला हवी होतीस, एवढं एक वाक्य त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. गरम पोळी समोर आली की समुद्र मागे पडायचा.

टेकाडावरून परीक्षितची हाक आली. "श्रीराम! वहिनी! पोरं भुकेली झालीत, चला ना यार!"

"तुम्ही व्हा पुढे," रेणूनं ओरडून सांगितलं. तिचा आवाज एवढा मोठा होता हे कॅम्पातल्या कोणाला माहीत नव्हतं. "पाणी उतरेपर्यंत मी हलणार नाही!"

श्रीराम हाकेच्या दिशेनं एक पाऊल गेला. मग थांबला, परत आला आणि तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिला, बूट घालूनच. रेणूनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि एवढ्यात घालवायचा तिचा विचारही नव्हता. ती डोळे मिटून त्या आवाजाकडे कान लावून उभी राहिली. तो पुढे काही बोलायला लागला तेव्हा तिनं हात वर करून त्याला गप्प केलं.